खिडकी नेमकी किती मोठी?

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीला लागूनच सीप्झ हे निर्यात क्षेत्र आहे. १९७३ साली ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सुरू झाले. पुढे तिथे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या कंपन्याही आल्या. आज्ञावली लिहिणे हे निम्मे काम; उरलेले निम्मे ती तपासण्याचे. अशीच एक तपासणी तुम्हाला शाळेच्या संगणकावर करता येईल.

ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा एडिटर १९८५ पासून मोफत मिळतो. तो आपली खिडकी अक्षरांत मोजतो: इतके स्तंभ, इतक्या ओळी. ८० स्तंभांची रूढी तर १९२८ सालच्या भोकांच्या कार्डांपासून चालत आलेली! पडद्याला मात्र अक्षर कळत नाही, त्याला पिक्सेल म्हणजे ठिपके कळतात. समजा, एका अक्षराची चौकट ८ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच आहे. मग ८० स्तंभ आणि २४ ओळींना ६४० × ३८४ ठिपके लागतील. तुम्ही माउसने खिडकी ६५० ठिपक्यांपर्यंत ओढलीत तर? ६५० ला ८ ने भागून ८१ येतात आणि २ ठिपके उरतात. म्हणून खिडकी बहुधा ६४८ वरच थांबते. उडी मारल्यासारखी वाटते ती यामुळे.

आता खरी गंमत. सुतार जशा तयार चौकटी आणून बसवतो, तशी बटणे, मेनू आणि पट्ट्या एडिटर एखाद्या तयार साधनसंचातून घेतो. ईमॅक्स जीटीके, मोटिफ, ल्युसिड अशा निरनिराळ्या संचांवर बांधता येतो. चित्रांच्या बटणांची पट्टी, म्हणजे टूलबार, काढून टाकली तर खिडकीने काय करावे? मोटिफ आणि ल्युसिडवर खिडकीची उंची तशीच राहते, मजकुराला जागा वाढते. जीटीकेवर खिडकीचीच उंची बदलू शकते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण एकाच संचावर तपासून ‘ठीक आहे’ म्हणणारा इथे फसतो.

तपासणी अशी करा. ओळींना क्रमांक दिलेली एक फाइल उघडा आणि दिसणाऱ्या पूर्ण ओळी मोजा. टूलबार काढा, परत आणा, पुन्हा मोजा. आकडा पहिल्याइतकाच यायला हवा. एकदाच करून सोडू नका. दहा वेळा करा. कारण पाहा. पट्टी ४० ठिपके उंच, म्हणजे अडीच ओळी. बाहेरची उंची तशीच ठेवून ती काढली तर २४ ओळींच्या जागी साडेसव्वीस मावतात. आज्ञावलीने अर्धी ओळ छाटून खिडकी आखडली, तर राहिल्या २६. पट्टी परत आली की साडेतेवीस. पुन्हा छाट, उरल्या २३. दर फेरीला एक ओळ गेली! दहा फेऱ्यांनंतर १४ च उरतील. एका फेरीत हा दोष नजरेतूनही सुटेल.

हाच प्रयोग मराठी मजकुरावर जरूर करा. ‘मूर्तींना’ हा शब्द पाहा: खाली उकार, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार. मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ती दुसऱ्या फॉन्टमधून येते आणि ओळ उंच होऊ शकते. ती २० ठिपक्यांची झाली, तर ३८४ ठिपक्यांत १९ च पूर्ण ओळी बसतील. ईमॅक्सच्या हिशेबात मात्र खिडकी अजून २४ ओळींचीच असते.