पेरणी, परीक्षा आणि घर : कृषी विस्तार शिक्षिकांच्या वेळेचे नियोजन

मृगाचा पाऊस सुरू झाला की कृषी विज्ञान केंद्रातील महिला विषय विशेषज्ञांसमोर दोन कामे एकाच वेळी उभी राहतात. गावागावांतून बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकांची मागणी येऊ लागते आणि त्याच पंधरवड्यात घरातील मुलांच्या शाळा उघडतात. मार्चमध्ये याचीच पुनरावृत्ती होते. केंद्रात वार्षिक अहवाल आणि आर्थिक वर्षअखेरची कामे सुरू असतात, तर घरी मुलांच्या परीक्षा. शेतीचे वेळापत्रक पावसावर चालते, शाळेचे ठरलेल्या तारखांवर. दोन्ही कोणासाठी थांबत नाहीत. त्यामुळे विस्तार शिक्षणात काम करणाऱ्या महिलांच्या नोकरीचा आणि संसाराचा मेळ हा केवळ त्यांच्या घरापुरता प्रश्न राहत नाही. त्याचा परिणाम थेट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचतो.

वर्गाबाहेरचे अध्यापन

देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. आज अशा केंद्रांची संख्या सातशेहून अधिक आहे. ‘करून शिकणे’ हे त्यांच्या अध्यापनाचे मूळ सूत्र आहे. साहजिकच येथील शिक्षिकेचा वर्ग कधी शेतात, कधी गोठ्यात, तर कधी बचत गटाच्या बैठकीत भरतो.

केंद्राच्या मंजूर सोळा पदांपैकी सहा पदे विषय विशेषज्ञांची असतात. सामान्यतः एका विषयासाठी एकच तज्ज्ञ असल्याने, ती व्यक्ती रजेवर गेली की त्या विषयाचा सल्ला देणारे दुसरे कोणी केंद्रात नसते. तुरीचे पीक कळी आणि फुलोऱ्याच्या अवस्थेत असताना शेंगा पोखरणाऱ्या अळीचे निरीक्षण वेळेवर व्हावे लागते. ही भेट आठवडाभर लांबली, तर पुढे दिलेला सल्ला बिनचूक असूनही उपयोगाचा राहत नाही. घरी मूल तापाने फणफणले असताना प्रात्यक्षिकाच्या गावी जायचे की नाही, हा निर्णय म्हणूनच सोपा नसतो. त्या एका दिवसावर मुलाची शुश्रूषा आणि शेतकऱ्याचे पीक दोन्ही अवलंबून असतात.

घरातील न मोजलेले तास

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या महिला त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे देतात. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ मिनिटे होते. पाच वर्षांत महिलांचा भार दहा मिनिटांनी हलका झाला खरा, परंतु पुरुषांनी दिलेला वेळही वाढला नाही.

‘घरी सासूबाई आहेत, म्हणून जमते’ हे वाक्य नोकरी करणाऱ्या महिलांकडून अनेकदा ऐकू येते. अशा घरात भार कमी झालेला नसतो. तो एका स्त्रीकडून दुसऱ्या, वयाने मोठ्या स्त्रीकडे गेलेला असतो. शेतकरी कुटुंबात तर त्या सासूबाईही निंदणी, खुरपणी आणि जनावरांचे काम उरकूनच नातवंडांकडे पाहतात. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि वृद्धांचे औषधपाणी यांची विभागणी घरातील पुरुषांसह होत नाही, तोवर हा मेळ कोणाच्या तरी विश्रांतीच्या बदल्यातच साधला जातो.

शिकवणारी आणि शिकणारी

या अडचणीला एक दुसरी बाजूही आहे. प्रशिक्षणासाठी येणाऱ्या शेतकरी महिलेचा दिवसही असाच बांधलेला असतो. पाणी भरणे, धारा काढणे आणि भाकऱ्या आटोपून ती शेतावर जाते; दिवेलागणीला परतली की पुन्हा चूल आणि गोठा. कार्यालयीन वेळेनुसार सकाळी साडेदहाला केंद्रात ठेवलेले पाच दिवसांचे निवासी प्रशिक्षण तिच्यासाठी जवळजवळ अशक्य असते. मग उपस्थितीपत्रक रिकामे राहते आणि ‘महिलांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा लिहिला जातो.

स्वतः घर आणि नोकरी सांभाळणारी शिक्षिका ही अडचण लवकर ओळखू शकते. ‘तुम्हाला कोणती वेळ सोयीची?’ हा प्रश्न आधी विचारून तेच प्रशिक्षण गावात, अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या सत्रांत विभागता येते. सोबत आलेल्या लहान मुलांसाठी अंगणवाडीच्या आवारात सत्र घेता येते. दातेरी विळा किंवा भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र दाखवताना उत्पादनाबरोबर वाचलेले श्रम आणि वेळ यांचाही हिशेब मांडता येतो. शेतीतील महिलांचे श्रम कमी करणारी अवजारे हा भुवनेश्वर येथील केंद्रीय कृषिरत महिला संस्थेच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय आहे. घरातील अनुभव अशा रीतीने अध्यापनाच्या उपयोगी पडतो.

रजेची तरतूद आणि कामाची आखणी

केंद्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा, तसेच पहिल्या दोन अपत्यांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळू शकते. महाराष्ट्रात राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी बालसंगोपन रजेची मर्यादा १८० दिवस आहे. कृषी विज्ञान केंद्रे विद्यापीठे, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्था अशा निरनिराळ्या यजमान संस्थांकडे असल्याने सेवाशर्तींतही फरक पडतो. म्हणून आपल्या संस्थेचे नियम आधीच पाहून घेणे हिताचे असते. बालसंगोपन रजा पूर्वमंजुरीने घ्यावयाची असल्याने परीक्षांचे दिवस लक्षात घेऊन अर्ज वेळेत करावा लागतो. केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. तीही घेतली जावी.

रजेच्या काळात शेतकऱ्याचे नुकसान होऊ नये यासाठी केंद्रस्तरावर पुढील गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील :

- प्रत्येक प्रात्यक्षिकासाठी मुख्य तज्ज्ञासोबत दुसऱ्या सहकाऱ्याचेही नाव सुरुवातीलाच निश्चित करावे.
- प्रत्येक प्लॉटची नोंदवही अद्ययावत ठेवावी, म्हणजे पुढील भेट कोणालाही देता येईल.
- दूरच्या गावांच्या भेटी मार्गानुसार एकत्र आखाव्यात. रात्री उशिरा परतावे लागेल असे कार्यक्रम टाळावेत.
- पेरणी आणि परीक्षेच्या पंधरवड्यात तातडीच्या नसलेल्या बैठका दूरदृश्य प्रणालीद्वारे घ्याव्यात.
- दुसऱ्या सहकाऱ्याची जबाबदारी केवळ महिला सहकाऱ्यांवर सोपवू नये.

खरिपाच्या पूर्वनियोजन बैठकीत पर्जन्यमान, बियाणे आणि खतांचा आढावा घेतला जातो. त्याच बैठकीत शाळांच्या तारखा, सहकाऱ्यांच्या संभाव्य रजा आणि गावातील महिलांच्या सोयीच्या वेळा नोंदवण्यासाठी आराखड्यात एक रकाना वाढवता येईल. तो वेळेवर भरला गेला, तर जूनमध्ये प्रात्यक्षिकाच्या गावी कोणी ना कोणी वेळेवर पोहोचेल आणि आजारी मुलाजवळ त्याची आईही असेल.