रंधा मशीनची पाती: केसभर चूक, बोटभर खड्डा

हा आपल्या भागाचा लेखी उतारा. मशीनजवळ उभं राहून पुन्हा बघायचं असेल, तर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

जळगाव-धुळ्याकडच्या सुतारांच्या शेडमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. "पात्यांना कालच धार लावून आणली, तरी फळीच्या शेवटी खड्डा पडतोच!" मग काय, धार लावणाऱ्याच्या नावाने बोंब. पण बऱ्याचदा दोष धारेचा नसतो, पाती बसवण्याचा असतो.

आपल्याकडे पाती काढायची वेळ वारंवार येते. जुनी धाब्याची घरं पाडली की त्यातले सागाचे सरे, कड्या विकायला येतात. माल एक नंबर, पण आत कुठे गंजलेला खिळा लपलाय सांगता येत नाही. शिवाय सागात वाळूसारखा सिलिका असतो, तो धार खातो. म्हणजे नवा साग असला तरी पाती बोथट होणारच.

आता मशीन बघू. लाकूड आत जातं ते अलीकडचं टेबल, बाहेर पडतं ते पलीकडचं. मध्ये फिरणारा ब्लॉक, त्यात पाती. अलीकडचं टेबल जेवढं खाली, तेवढी छिलाई. पलीकडचं टेबल मात्र पात्याच्या सर्वात वरच्या टोकाच्या बरोबरीत हवं. सगळा खेळ इथेच आहे. पातं वर राहिलं, तर फळी अलीकडच्या टेबलवरून सुटताच खाली बसते आणि शेवटी खड्डा पडतो. पातं खाली राहिलं, तर फळी पलीकडच्या टेबलच्या कडेला अडते.

कामाला लागण्याआधी मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. लाइट गेलीय म्हणून मशीन बंद आहे, असं अजिबात समजू नका. लोडशेडिंगमध्ये लाइट कधी येईल याचा नेम नाही, आणि स्विच चालू राहिला असेल तर ब्लॉक तुमच्या हातासकट फिरेल. बोटं परत येत नाहीत, भाऊ.

मग ब्लॉकच्या खाचा आणि पाचर ब्रशने साफ करा. भुसा अडकला की पातं तिरकं बसतं. पातं ठेवा, बोल्ट हलकेच आवळा.

आता पट्टीची परीक्षा. फूटभर सरळ लाकडी पट्टी पलीकडच्या टेबलवर ठेवा, टोक ब्लॉकच्या वर येऊ द्या. टेबलच्या कडेशी पट्टीवर पेन्सिलने खूण करा. ब्लॉक हाताने उलटा फिरवा, म्हणजे धार पट्टीत रुतणार नाही. पातं पट्टीला थोडं पुढे ढकलेल. कडेशी पुन्हा खूण करा. दोन खुणांत साधारण 3 मिमी अंतर आलं की बरोबर. यात पातं टेबलच्या वर असतं जेमतेम दोन-तीन शतांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. डोळ्याला न दिसणारा फरक पट्टी दाखवते!

पात्याच्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक पात्यावर हेच अंतर यायला हवं. नाहीतर उंच पातं एकटंच राबतं आणि फळीवर लाटा उठतात.

मग बोल्ट एका दमात आवळू नका. थोडा हा, थोडा तो, असं करत पक्के करा. आवळताना पातं हलतं, म्हणून पट्टी पुन्हा लावून बघा. एकही बोल्ट सैल राहायला नको. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या ब्लॉकमधून सुटलेलं पातं गोळीसारखं जातं.

एक जुगाड: खिळ्याने सगळ्या पात्यांना एकाच जागी दाता पडला, तर एक पातं मिलिमीटरभर बाजूला सरकवा. फळीवरची उभी रेघ जाते, आणि लगेच धार लावायचा खर्च वाचतो.

शेवटी पाना काढलाय ना बघा, ब्लॉक हाताने दोन फेरे फिरवा, गार्ड लावा, मगच फ्यूज. पहिली फळी रद्दीतली घ्या, महागाचा सागवान नंतर.

तुमच्या शेडमध्ये ही पट्टी लावून बघा आणि किती मिलिमीटर आलं ते कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!