गुडघ्यांची कुरकुर आणि विजेची सायकल

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी, म्हणजे इंग्रजांच्या तोंडचे ट्रिप्लिकेन, हा शहराच्या जुन्या वस्तीचा भाग. १९०४ साली येथील मंडळींनी स्थापन केलेली ग्राहक सहकारी संस्था देशातील सर्वांत जुन्या सहकारी संस्थांपैकी एक. बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला या गावाबद्दल आपुलकी वाटावी, यास एवढे कारण पुरेसे आहे. सेवेच्या अखेरच्या वर्षांत बदली होऊन मी येथे आलो आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलो, ते मात्र समुद्रासाठी. पार्थसारथी मंदिरापासून मरीना किनारा पायी पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे.

ही पंधरा मिनिटे हळूहळू पंचवीस झाली. दोन्ही गुडघ्यांत झीज असल्याचे निदान झाले. प्रथम मरीना सुटला, मग मंडई, आणि एक दिवस असा आला की घरापुढच्या ओट्यावर (तमिळ शेजारी त्यास 'तिण्णै' म्हणतात) बसून रहदारी न्याहाळणे हाच काय तो दिनक्रम उरला. दुखते म्हणून चालायचे नाही. चालणे नाही म्हणून मांडीचे स्नायू दुबळे होतात, वजन वाढते. आणि मग गुडघा अधिकच दुखतो. वाचकांपैकी अनेकांना हे चक्र परिचयाचे असेल.

या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग समजून घेण्यासाठी गुडघ्यावर पडणारा भार प्रथम पाहिला पाहिजे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांतच भारमापक बसवून केलेली मोजमापे २०१० आणि २०१२ साली प्रसिद्ध झाली. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, तर जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट भार येतो. व्यायामाच्या सायकलवर बेताच्या जोराने पॅडल मारताना मात्र तो सव्वापटीच्याही आत राहतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे आकडे अनुक्रमे १७५, २४५ आणि ८४ किलोच्या आसपास येतात. कारण उघड आहे : सायकलवर शरीराचे ओझे सीट उचलते. शिवाय सांध्यातील कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. हालचालीमुळे सांध्यातील द्रव खेळता राहतो व त्यातूनच तिचे पोषण होते. गुडघ्याला पूर्ण विश्रांती देणे ही त्याची सेवा नव्हे.

मग साधी सायकल काय वाईट? काहीच नाही, चेन्नई तर पुण्यासारखी चढउतारांची नाही. परंतु याच संशोधनात असेही दिसले की पॅडलवरील जोर वाढला की भारही वाढतो. थांबलेली सायकल पुन्हा सुरू करताना, उड्डाणपूल चढताना आणि दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध जाताना दुखरा गुडघा नेमका तक्रार करतो. विजेच्या सायकलची मोटार उपयोगी पडते ती या मोजक्या प्रसंगी.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडील केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची ताकद २५० वॅटपेक्षा कमी असेल आणि ताशी २५ किलोमीटर वेग येताच किंवा पॅडल थांबताच तिचे साहाय्य बंद होत असेल, तर अशी सायकल 'मोटार वाहन' ठरत नाही. परवाना व नोंदणी लागत नाही. दुसरी गोष्ट संवेदकाची. काही सायकलींत पॅडल फिरू लागले एवढेच मोटारीला कळते, म्हणजे पहिला, सर्वांत जड रेटा गुडघ्यालाच द्यावा लागतो. पायाचा जोर मोजणारा संवेदक असेल तर मोटार पहिल्या रेट्यापासून साथ देते. अशी सायकल महाग असते, पण गुडघेदुखीच्या रुग्णाने काटकसर येथे करू नये.

माझी पहिली सायकल स्कूटरप्रमाणे मूठ पिळून पळणारी होती. दीड महिना मी पॅडलला पाय टेकवून नुसता बसून फिरलो! मरीना पुन्हा दिसू लागला, गुडघे मात्र अधिकच आखडले. त्यातून दुकानदाराने 'पाय जमिनीला टेकले पाहिजेत' म्हणून सीट अगदी खाली बसवून दिली होती. सीट खाली असली की गुडघा फार दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, किंचित वाकलेला असावा. पाय टेकवायचा झाल्यास सीटवरून पुढे उतरावे. एक पाना आणि पाच मिनिटे, एवढाच हा उपचार, पण माझ्या बाबतीत त्याने मोटारीइतकाच फरक पडला.

या वाहनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते वीस किलो किंवा त्याहून अधिक वजनाचे असते; जुन्या घराच्या पायऱ्यांवरून ते चढवणे हेच गुडघ्यांना शिक्षा ठरू शकते. बॅटरी काढून घरात नेता येईल असेच वाहन घ्यावे. ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-तासांची बॅटरी भरण्यास पाव युनिटहून थोडीच अधिक वीज लागते. मधली दांडी खाली असलेली, पूर्वी आपण जिला 'लेडीज सायकल' म्हणत असू तशी सायकल ज्येष्ठ पुरुषांनीही निःसंकोच घ्यावी. तोल जात असेल, गुडघा सुजला असेल वा मध्येच अडकत असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हल्ली सायंकाळी पाचच्या सुमारास मी निघतो. भारती सालैवरच्या गर्दीत थांबत-निघत जाताना मोटार दुसऱ्या टप्प्यावर असते, समोरून समुद्राचा वारा येत असतो. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी असतो. तेव्हा मोटार बंद करतो आणि हलक्या पायाने पॅडल मारीत घरी येतो.