नक्षी शाबूत, टायर म्हातारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्च उलटला की गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात, ट्रक-टेम्पोंच्या गर्दीत घरगुती मोटारी दिसू लागतात. वर्षाचं धान्य भरायचं असतं. गहू लोकवन घ्यायचा की सिहोर, यावर बराच वेळ चर्चा होते. दाणा ओंजळीत घेऊन पारखला जातो, दाताखाली फोडून पाहिला जातो. मग पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती, वर तांदळाची एक पिशवी डिकीत चढते, मागच्या सीटवर तिघंजण बसतात, गाडी मागून दबते आणि निघते. ज्या चार चाकांवर हे सगळं ओझं आहे, त्यांच्याकडे मात्र कोणी वाकूनही बघत नाही.

शेजारीच आग्र्याचा बटाटा किंवा मध्य प्रदेशातला लसूण रिकामा करून ट्रकवाला परत निघायच्या तयारीत असतो. तो काय करतो ते जरूर पाहा. हातात लोखंडी टॉमी घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि प्रत्येक टायरवर ठोका देतो. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरची हवा डोळ्यांना कळत नाही, ती आवाजावरून कळते. त्याचं पोट त्या टायरांवर आहे, म्हणून त्याला ही सवय लागलेली असते.

ट्रकच्या आणि आपल्या टायरमध्ये आणखी एक मोठा फरक आहे, आणि आजचं माझं सगळं बोलणं त्या एका फरकाभोवतीच आहे. लांब पल्ल्याचा ट्रक वर्षाला लाखाच्या घरात किलोमीटर पळतो. त्याचा टायर म्हातारा व्हायच्या आधीच झिजतो. आपली मोटार मात्र आठवड्यातून दोनदा मंडई, एकदा नातेवाईक, महिन्यातून एखादं लग्न, अशी वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटर चालते. छोट्या मोटारीचा टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर सहज जातो. म्हणजे नुसत्या झिजेच्या हिशेबानं तो दहा-बारा वर्षं पुरेल! आणि अनेक घरांत तो तेवढा वापरलाही जातो. ‘अहो, नक्षी तर अजून नव्यासारखी आहे,’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, त्याची गणती नाही. नक्षी नव्यासारखी असते हे खरंच. पण टायरला दोन वयं असतात, एक किलोमीटरचं आणि दुसरं वर्षांचं. शहरातली माणसं पहिलं मोजतात आणि दुसरं विसरतात.

उभ्या गाडीच्या रबराला होतं तरी काय? घरातलं रबर बँड आठवा. नवं असताना ताणलं की लांबतं. तेच ड्रॉवरमध्ये चार वर्षं पडून राहिलं की न वापरताही ताणल्याबरोबर तुटतं. हवेतला प्राणवायू, ओझोन आणि उष्णता हे तिघं मिळून रबराची लवचीकता खातात. टायरच्या रबरात यावर उपाय म्हणून काही रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरतं. गंमत अशी, की टायर फिरताना, दबताना-उठताना हे कवच चांगलं धरलं जातं. सोसायटीच्या आवारात महिनोन् महिने उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीला हा फायदाही पुरता मिळत नाही.

बाहेरून दिसतात त्या भेगा निदान दिसतात तरी. जास्त वाईट गोष्ट आत घडते. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि ते रबरानं एकमेकांना चिकटवलेले असतात. आत दाबानं भरलेली हवा अगदी सूक्ष्म प्रमाणात रबरातून बाहेर झिरपत असते, तिच्यातला प्राणवायू वाटेत या चिकट थरालाही कडक करत जातो. वर्षानुवर्षं हे चालतं. मग एखाद्या मे महिन्यात गाडी भरून आपण लांबच्या रस्त्याला लागतो, वेग शंभरवर जातो, टायर तापतो, आणि पट्ट्यांच्या कडा सुटायला लागतात. याला आपण ‘टायर अचानक फुटला’ म्हणतो. खरं तर तो पाच-सहा वर्षं फुटत होता.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसला अपघात झाला, त्यात तिघांचा जीव गेला. पुढचा टायर फुटला होता. तपासात निघालं, की तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता, आणि तरीही तेव्हाच्या कायद्यात बसत होता, कारण कायदा फक्त नक्षीची खोली विचारत होता! मृतांपैकी एका तरुणाच्या आईनं अनेक वर्षं पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी झाली. त्याच्याही आधी, २००० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले होते. तिथे मुख्य दोष टायरच्या बांधणीत होता. पण नक्षीचा पट्टा सुटून झालेले अपघात टेक्सास, ॲरिझोनासारख्या उष्ण राज्यांत जास्त होते, आणि कमी हवेनं त्यात भर घातली होती. उष्ण प्रदेश, कमी हवा आणि भरलेली गाडी हे वर्णन आपल्याला परकं वाटू नये.

आपल्याकडे पूर्वी शहरातली गाडी फार तर सिंहगड रस्त्यानं नाहीतर घाटातून रमतगमत जायची. आता तीच गाडी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरनं आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेनं तासन् तास पळते. टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे परिवहन विभागाला त्या मार्गावर टायर तपासण्याची मोहीम २०२३ मध्ये हाती घ्यावी लागली. गाडी तीच, टायरही तेच, पण त्यांच्याकडून मागितलं जाणारं काम मात्र पार बदललं.

तेव्हा आज एवढं करा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजी ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. समजा, २३१९ असे आहेत. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये तयार झाला. पुष्कळदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू नेमकी गाडीच्या आतल्या अंगाला गेलेली असते. न दिसल्यास पंक्चरवाल्याकडे गाडी उचलली असताना वाकून पाहा. चारही टायर पाहा, आणि पाचवाही.

पाचवा म्हणजे स्टेपनी. (हा शब्द वेल्समधल्या लनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. रस्त्याचं नाव आपल्या गॅरेजांतून अजून रोज घेतलं जातं.) डिकीत गव्हाच्या पोत्यांखाली पडलेली स्टेपनी एकदाही रस्त्याला लागलेली नसते, पण तिचंही वय होत असतं. गाडीबरोबर आलेली आठ-नऊ वर्षांची स्टेपनी लावून महामार्गावर वेगानं जाऊ नका. ती हळू चालवत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरती.

मग किती वर्षांनी बदलायचा? आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर सांगितली आहे. वयाच्या बाबतीत निर्णय आपला आपणच घ्यायचा. बऱ्याच मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासा आणि दहा वर्षांना काही झालं तरी काढा, असं सांगतात. माझं मत विचाराल तर, पुण्याच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला सहा वर्षं पुरेत, सावलीतल्या तळघरात राहणाऱ्या आणि गावातच फिरणाऱ्या गाडीला फार तर सात. एक-दोन वर्षं अधिक काढून चार टायरचे पंधरा-वीस हजार वाचवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

वर्षं झाली नसली तरी काही खुणा दिसल्या की थांबू नये. बाजूच्या भिंतीला फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटलेले आहेत. हा टायर दुरुस्त होत नाही, त्याच दिवशी काढायचा. खड्ड्यात दणका बसल्यावर हे हमखास होतं, आणि पुण्यात खड्ड्यांची ओळख करून द्यायला नको. भिंतीवर किंवा नक्षीच्या खाचांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, एका ठरावीक वेगाला नव्यानं सुरू झालेली थरथर, याही खुणाच. नक्षीची खोली पाहायला काडीपेटीतली काडी खाचेत उभी घालून नखानं खूण करा आणि पट्टीवर मोजा. नव्या टायरला साधारण आठ मिलिमीटर असते. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की कायद्यानं टायर संपला. पण पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंध घाटात जाणार असाल, तर ३ मिलिमीटरलाच संपला समजा. टायरखालचं पाणी बाहेर फेकण्याचं काम या खाचा करतात. त्या उथळ झाल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही नावापुरती उरतात.

आता नवा घेण्याविषयी. नाना पेठेतल्या दुकानात जा नाहीतर घराजवळच्या, कंपनी कुठली हा प्रश्न सगळे आधी विचारतात. मी तो शेवटी ठेवतो. जुन्या टायरवर लिहिलेलं असतं, समजा, १६५/८० आर १४ ८५ टी. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १४ इंची. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ एका टायरवर ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची क्षमता. हे ५१५ किलो भरपूर वाटतात, दोन पोती गव्हाची काय कथा! पण तो आकडा हवा पूर्ण असेल तरच खरा. वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर जुन्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. रुंद टायर लावून गाडी ‘भारदस्त’ करण्याचा मोह मुलांना असतो. रिम मोठी केली तर भिंत त्या प्रमाणात बुटकी लागते. म्हणूनच एकाच गाडीच्या साध्या प्रकाराला १६५/८० आर १४ आणि महागड्या प्रकाराला १८५/६५ आर १५ असतो. दोन्हींचा बाहेरचा व्यास मोजलात तर जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक निघतो. हे गणित न करता लावलेला टायर स्पीडोमीटरला खोटं बोलायला लावतो आणि वळताना मडगार्डला घासतो.

दुकानात टायर समोर आला की पुन्हा तेच चार आकडे वाचा. सहा महिन्यांतला असेल तर छान, वर्षापर्यंतचा चालेल. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर भरघोस सवलतीत मिळत असला तरी नको. आयएसआय खूण हवीच. ओल्या रस्त्यावरची पकड, रस्त्यावर फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांची मानकं केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये जाहीर केली, त्यामुळे आता बाजारात येणाऱ्या टायरांच्या पकडीची निदान एक पातळी ठरलेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा पक्कं बिल न घेण्याचं कारण आणखी कमी झालं. रस्त्याकडेला काळं पॉलिश मारून मांडलेल्या जुन्या टायरांच्या वाटेला जाऊ नका. त्यांतल्या काही गोटा झालेल्या टायरांवर गरम पात्यानं नवी नक्षी कोरलेली असते. म्हणजे आधीच पातळ झालेलं रबर आणखी पातळ केलेलं असतं.

पैशाच्या अडचणीनं दोनच नवे घ्यायचे असतील, तर ते पुढे न लावता मागे लावा. हे ऐकून दुकानदारही कधीकधी हुज्जत घालतो, कारण बहुतेक मोटारींना ओढ पुढच्या चाकांची असते. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि हातातल्या स्टिअरिंगला ते लगेच कळतं. वेग कमी केला की सावरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. मग भल्याभल्यांना सावरत नाही.

हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेला असतो, बिनओझ्याचा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, भरायचा आकडा नाही. दाब सकाळी टायर थंड असताना पाहावा. वाटेत तापून तो वाढलेला दिसला म्हणून हवा सोडणं ही घातक सवय आहे. थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो, भिंत जास्त दबते आणि आणखी तापते. नायट्रोजनबद्दल हमखास विचारणा होते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरून घ्यायला हरकत नाही, पण त्यानं म्हातारा टायर तरुण होत नाही.

नवे टायर बसवताना रबरी व्हॉल्व्हही नवे घाला, त्यांचंही वय तेवढंच झालेलं असतं. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा, साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रवाचा गुळगुळीतपणा जायला तेवढा वेळ लागतो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट एकदा पुन्हा आवळून घ्या.