पेपरवेट उलटं करून पाहा

अंधेरी-मुलुंडच्या जुन्या कचेऱ्यांत छताचा पंखा गरगरत असतो आणि टेबलावर काचेचा एक गोळा कागद दाबून बसलेला असतो. आत रंगीत फूल, फुलात बुडबुडा. हा गोळा बहुधा फिरोजाबादचा. स्कॉटलंडमध्ये हातानं घडवलेलं पेपरवेट लांबून त्याचंच भावंड वाटतं, पण संग्राहक त्याला कितीतरी जास्त किंमत देतात. रंगांपेक्षाही मोठं कारण म्हणजे कर्त्याचा पत्ता बऱ्याचदा त्या काचेतच सापडतो.

एका स्पॅनिश घराण्याची करामत

ही स्कॉटिश कला रुजवली ती बार्सिलोनाहून आलेल्या कारागिरांनी. साल्व्हादोर इसार्ट 1915 साली स्कॉटलंडला पोचला आणि 1922 मध्ये पर्थच्या मॉनक्रिफ कारखान्यात लागला. साल्व्हादोरचा मुलगा पॉल 1930 च्या दशकात पेपरवेट करू लागला. महायुद्धानंतर बाप आणि दोन धाकटे भाऊ वेगळे होऊन ‘व्हासार्ट’ नावानं काम करू लागले. पॉल मॉनक्रिफमध्येच राहिला आणि पुढे विक गावच्या केथनेस ग्लासमध्ये गेला. केथनेस 1961 चा. 1968 मध्ये क्रीफ गावात पर्थशायर पेपरवेट्स सुरू झाली, ती 2002 मध्ये बंद पडली.

फूल आत जातं कसं?

एक रीत मिलेफिओरीची. तापलेली काच साच्यात दाबून तिला तारा किंवा फुलाचा आकार देतात, वर दुसऱ्या रंगांचे थर चढवतात. मग दोघं जण दोन टोकं धरून उलट दिशांना चालत जातात. जाड गोळ्याची पेन्सिलीहून बारीक कांडी होते आणि आतली नक्षी तिच्याबरोबर बारीक होत जाते, मोडत नाही. कांडीचे काकडीसारखे काप करून मांडायचे, तापवायचे आणि वितळलेल्या पारदर्शक काचेनं उचलून घ्यायचे.

दुसऱ्या रीतीत एकेक पाकळी, देठ, पान बर्नरच्या ज्योतीवर रंगीत काचेतून घडवतात. इथे खरी कसोटी लागते. रंगीत आणि बाहेरची काच थंड होताना सारखी आकसली नाही, तर पूर्ण झालेलं काम तडकतं. शिवाय काच भट्टीत अगदी सावकाश निववावी लागते.

ओळखायचं कशावरून?

आधी तळ पाहा. लोखंडी सळईवरून गोळा तोडल्याची खूण तिथे राहते. काही कारखाने ती घासून गुळगुळीत करतात. केथनेसच्या मर्यादित संख्येच्या कामांवर नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. पर्थशायरच्या पुष्कळ कामांत ‘पी’ अक्षराची कांडी मिळते, काहींत वर्षही. पॉल इसार्टची सही म्हणजे ‘पीवाय’. पण तेवढ्यावर भुलू नये, कारण ही अक्षरं घातलेली बनावट कामंही बाजारात आहेत. मग कापांची रेखीवता, मांडणी आणि काचेचा नितळपणा भिंगातून तपासावा. जुनी चिनी नक्कल हाताला हलकी आणि काहीशी तेलकट लागते, काचेत पिवळट झाक असते.

उपनगरात कुठे शोधावं?

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात टेबलं-कपाटांसोबत किरकोळ वस्तूही येतात. चोरबाजारातली मटन स्ट्रीट आहेच. पण खरं सांगायचं तर दोन्हीकडे हाती लागेल ते बहुतेक फिरोजाबादचं किंवा चिनी. स्कॉटिश मिळालं तर नशीब. ब्रिटनमधल्या लिलावातून नातेवाइकांकरवी मागवणं जास्त भरवशाचं. सुरुवात पॉल इसार्टपासून करू नये असं माझं मत; सही केलेलं साधं पर्थशायर घ्यावं. डोळा तयार होतो आणि खिसाही फार फाटत नाही.

घरी ठेवताना

खिडकीत ठेवू नका. घुमटाकार काच भिंगासारखी ऊन एका बिंदूवर आणते. बोरिवलीच्या पश्चिमेकडच्या खिडकीत दुपारच्या उन्हात खालचा कागद किंवा पडदा जळू शकतो. धुताना गरम पाणी नको, कारण अचानक तापली की काच तडकते. ओट्याच्या ग्रॅनाइटवर सरकवलं तर तळाला चरे पडतात. मूळ कागदी लेबल असेल तर पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, म्हणून तळ ओल्या फडक्यानं पुसू नका, आणि लेबलाचा फोटो आधीच काढून ठेवा.