मदत मागण्याच्या चार पायऱ्या

समजा, वाशीम जिल्ह्यातील कामरगावच्या एखाद्या शाळेत नववीतला एक मुलगा आठवडाभर आला नाही. शिक्षकांनी निरोप धाडला तेव्हा त्याची आई भेटायला आली. मुलगा शेतात जातो, कारण वडील दोन महिन्यांपासून खाटेवरून उठत नाहीत. सोयाबीन सोंगणीला आले तरी त्यांनी विळा हातात धरला नाही. झोप नाही, जेवण नाही, डोके जड, हातपाय गळाल्यासारखे. गावात सलाईन लावून झाली, तालुक्याला रक्त तपासून झाले, ‘काही निघाले नाही’. मग एका नातेवाइकाने देवऋषी सुचवला, तिथेही जाऊन झाले. कोणीतरी मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले तेव्हा मात्र वडील उसळून म्हणाले, “मी काय येडा आहो काय?” आणि आता आई विचारते आहे, “सर, काय करू जी?”

हा प्रसंग आम्ही कल्पिलेला आहे. पण वऱ्हाडातील कोणत्याही शिक्षकाला तो अनोळखी वाटू नये. वडिलांच्या त्या प्रश्नात हट्ट आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यात भीती आहे, अनुभव आहे आणि काही अंशी व्यवहारही आहे. माणूस मनाच्या दुखण्यासाठी जाणकाराकडे का जात नाही, आणि कशाने जाऊ लागतो, हे या लेखात पाहू.

दरी किती मोठी?

बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचे मध्य प्रदेश, गुजरात आणि छत्तीसगड होते. पाहणीच्या वेळी दर १०० प्रौढांपैकी सुमारे १० ते ११ जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. निरनिराळ्या आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. मोडलेल्या हाडाच्या बाबतीत अशी स्थिती असती तर आपण गप्प बसलो असतो का?

या दरीचे एक कारण उघड आहे. तज्ज्ञ थोडे आहेत आणि तेही शहरात. गावातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, बरोबर येणाऱ्याचीही बुडते. पण जिथे दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो तिथेही लोक जात नाहीत. म्हणून अंतराबरोबरच मनोवृत्तीचाही विचार करावा लागतो.

चार पायऱ्या

लोकांची ही मनोवृत्ती मोजता येईल का? फिशर आणि टर्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली त्यासाठी २९ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत ते उत्तर देणाऱ्याने सांगायचे. उत्तरांतून त्यांना चार वेगवेगळे घटक दिसले. गरज ओळखणे, लोकलाज सहन करता येणे, परक्यापुढे मन उघडता येणे आणि उपचार करणाऱ्यावर भरवसा असणे. जिन्याच्या चार पायऱ्या म्हणून त्यांच्याकडे पाहिले तर आपल्या गावातले चित्र नीट समजते.

पहिली पायरी, गरज ओळखणे. नैराश्य म्हणजे रडणे अशी आपली समजूत असते. पण आपल्याकडे ते बहुधा शरीराच्या भाषेत बोलते: अंग दुखते, छातीत धडधडते, मुंग्या येतात, झोप पहाटेच उडते. माणूस खोटे सांगत नसतो. झोप, भूक, वेदना आणि मनःस्थिती यांचे नियमन मेंदूच करत असतो, त्यामुळे एक बिघडले की बाकीची बिघडतात. उदास मन किंवा कशातच रस न वाटणे आणि त्यासोबत अशा काही तक्रारी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिल्या, रोजची कामे अडू लागली, तर तो नुसता ‘टेन्शन’चा प्रश्न उरत नाही. कल्पिलेल्या प्रसंगातील वडील ही पायरी चढलेच नाहीत, कारण त्यांच्या दुखण्याला कोणी नावच दिले नाही.

दुसरी पायरी लोकलाजेची. ‘येडा’ हा शब्द नुसता वर्णनाचा नाही. तो एकदा लागला की मुलीचे लग्न, भावकीतला मान, उसनवारी सगळ्यावर सावली पडते. तेव्हा लपवणारा माणूस मूर्ख नसतो. त्याने हिशेब केलेला असतो. तो हिशेब बदलायचा तर उपदेशाने फारसे साधत नाही. ‘हा मेंदूचा आजार आहे’ एवढे सांगितल्याने लोकांचे ज्ञान वाढते, पण रुग्णाला शेजारी म्हणून स्वीकारण्याची तयारी त्या प्रमाणात वाढत नाही, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसले आहे. आजारातून सावरलेल्या माणसाची प्रत्यक्ष गाठ पडली की प्रौढांचे मत अधिक बदलते. २०१२ साली ७२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा हेच आढळले. त्यात शिक्षकांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट होती: किशोरवयीन मुलांवर मात्र शिकवण्याचा परिणाम गाठीभेटींपेक्षा जास्त झाला.

तिसरी पायरी मन उघडण्याची. घरातली गोष्ट घरात ठेवावी हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवले जाते आणि पुरुषाने तर रडूच नये. पार्वतीच्या व्रतापासून सुगीच्या श्रमगीतांपर्यंत बायकांना दुःख बोलण्याच्या काही जागा तरी होत्या. पुरुषाला पारावर पिकाचे आणि राजकारणाचे बोलता येते, भीतीचे नाही.

चौथी पायरी भरवशाची. ही समजून घ्यायला रशियाचे उदाहरण बोलके आहे. सोव्हिएत काळात मानसोपचार केंद्रात नाव नोंदले गेले की नोकरी आणि वाहन चालवण्याचा परवाना यांत अडथळे येत. शिवाय सरकारविरोधी विचारांच्या लोकांना ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’चे निदान लावून इस्पितळात डांबले जाई. त्यावरून जगभर टीका झाली. १९८३ साली सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञांची संघटना जागतिक संघटनेतून बाहेर पडली, ती १९८९ मध्ये परतली. रुग्णांच्या हक्कांचा कायदा रशियात १९९२ साली झाला. पण कायदा एका वर्षात होतो, विश्वास नाही. ज्या दाराआडून माणसे परतली नाहीत ते दार ठोठवायला पुढची पिढीही कचरते.

आपला इतिहासही फार निराळा नाही. इंग्रजी अमदानीतील १९१२ च्या कायद्याचा भर कोंडून ठेवण्यावर होता. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली, माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानावे असे ठरवले. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

अमरावतीची तीस गावे

या चार पायऱ्या गावातच बांधता येतील का? वाशीमला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत तसा प्रयोग झाला. त्याचे नाव ‘विश्राम’. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर आणि छोट्या बैठकांतून मनाच्या दुखण्याविषयी बोलायचे, प्रशिक्षित समुपदेशकांनी गावात येऊन ऐकायचे आणि ज्यांना गरज आहे त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचवायचे, अशी रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोकांनी उपचार मागितले होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले.

विज्ञानाच्या शिक्षकाला इथे एक शंका यायला हवी. ही तुलना आधीची आणि नंतरची आहे. त्या दीड वर्षात पाऊस किंवा भाव बदलले असतील तर? शंका रास्त आहे. विचार कमी झाले ते केवळ कार्यक्रमामुळेच, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण मदत मागणारे सहापट झाले, ही गोष्ट पाऊसमानाने घडणारी नव्हे.

आणि मदत मागून उपयोग होतो का? याचे उत्तर गोव्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून शोधले गेले. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील सुमारे ५०० नैराश्यग्रस्तांपैकी एका गटाला नेहमीचे सुधारित उपचार, दुसऱ्याला त्याशिवाय सहा ते आठ भेटींत समुपदेशन मिळाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. काही आठवडे प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के सावरले, दुसऱ्या गटातील ३९ टक्के. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या समुपदेशनाचे तत्त्व सोपे आहे. उदास माणूस काम सोडतो, काम सुटल्याने समाधान आणि सोबत सुटते, त्यामुळे उदासी वाढते. हे चक्र एखाद्या छोट्या कृतीपासून उलटे फिरवायचे: सकाळी बांधापर्यंत चालत जाणे, एका मित्राला भेटणे. तीव्र आजारात औषधे लागतात. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि हे आधी न सांगितल्यामुळेच अनेकजण ‘फरक नाही’ म्हणून आठवड्यात गोळ्या सोडतात. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. मात्र बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

मग कर्जाचे काय?

‘भाव द्या, समुपदेशन कशाला?’ असा प्रश्न आपल्या भागात विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. वाशीम त्यांत होता. त्यात भर होता व्याजमाफी, सिंचन, बियाणे यांवर. २०१५ साली राज्याने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. दोन्हींची गरज आहे. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. पण नैराश्याने घेरलेल्या माणसाला बँकेत जाऊन अर्ज करण्याचेही बळ उरत नाही. एकाच्या नावाने दुसरे टाळणे हे मात्र अन्यायाचे आहे.

शिक्षकांच्या हाती काय?

शिक्षक डॉक्टर नव्हेत आणि त्यांनी निदान करू नये. तरी चारही पायऱ्यांवर त्यांचा हात देता येतो. शरीरशास्त्राचा धडा शिकवताना हृदयाबरोबर मनाच्या आजारांचीही नावे घ्यावीत. वर्गात ‘येडा’, ‘मेंटल’ हे शब्द शिवी म्हणून वापरू देऊ नयेत. एखादे मूल अचानक गप्प झाले तर एकांतात दहा मिनिटे नुसते ऐकावे. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारायला घाबरू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खरी नाही. २००५ साली अमेरिकेतील दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या अभ्यासात तसा काहीही परिणाम दिसला नाही. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे, विषारी औषधे दूर कुलपात ठेवायला लावावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते. हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला खर्च येत नाही.

आता त्या आईकडे परत येऊ. तिला काय सांगावे? ‘वेडाच्या डॉक्टरकडे न्या’ असे म्हटले तर संभाषण तिथेच संपेल. ‘झोप लागत नाही, अंगात बळ नाही, यावर औषध आहे, आधी आरोग्य केंद्रात दाखवू, मी बरोबर येतो’ असे म्हटले तर वडील कदाचित खाटेवरून उठतील. यातले एकही वाक्य खोटे नाही. आणि मुलगा पुन्हा वर्गात यायचा असेल, तर त्याच्या वडिलांची पहिली पायरी हा शाळेचाही प्रश्न आहे.