चिखलात ट्रक रुतला? गिअरबॉक्स वाचवायचा तर आधी ॲक्सिलरेटर सोडा

परतीच्या पावसानंतर बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन आणि कापूस घरी किंवा बाजारात नेण्याची घाई सुरू होते. राष्ट्रीय महामार्गावर सुसाट धावणारा ट्रक पाणंद रस्त्यावर वळला, की बघता बघता रुततो. चालक जोर लावतो, चाके जागेवरच फिरतात आणि क्लच जळाल्याचा वास येतो. रुतलेला ट्रक ट्रॅक्टर लावून काढता येतो. पण क्लच किंवा गिअर गेले, तर ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये उभी राहते.

काळी माती अशी का?

मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर या पूर्णा खोऱ्याच्या पट्ट्यात खोल काळी जमीन आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते. वरून सुकलेली दिसणारी वाट आतून ओली असू शकते. ही माती टायरच्या खाचांत भरली, की टायर गुळगुळीत होऊन घसरतो. पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. पण जिथे खडीकरण झालेले नाही, तिथे हा धोका कायम आहे.

नुकसान कुठे होते?

इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरेन्शियल यांतून चाकांपर्यंत पोहोचते. हाफ क्लचवर जोर लावला, की क्लच प्लेट घासून तापते आणि जळते. एक चाक घसरले, तर डिफरेन्शियल बहुतेक फेरे त्याच चाकाला देते. दुसरे चाक जागचे हलत नाही. त्यामुळे आतले छोटे गिअर भरमसाट वेगाने फिरतात. जोरात फिरणाऱ्या चाकाला अचानक दगडाची पकड मिळाली, की सगळा झटका शाफ्टच्या क्रॉस जॉइंटवर, ॲक्सलवर आणि गिअरच्या दातांवर येतो.

चालकाने काय करावे?

• वाटेवर आधी पायी फिरून या. पाय रुतत असेल, तर भरलेला ट्रक नेऊ नका. माल ट्रॉलीने रस्त्यापर्यंत आणा.

• चिखलाआधीच खालचा गिअर टाका. मध्येच गिअर बदलू नका. क्लचवरून पाय पूर्ण काढा आणि संथ, एकसारखे चला.

• चाक फिरू लागले, की ॲक्सिलरेटर सोडा. चाकापुढची माती काढून खडी, फांद्या किंवा पोती टाका.

• गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका.

• डिफरेन्शियल लॉक असेल, तर चाके थांबलेली असतानाच लावा. सरळ चला आणि कडक रस्ता येताच काढा.

• ट्रॅक्टरने ओढताना दोर ॲक्सलला न बांधता टोइंग हुकला बांधा. झटके न देता हळूहळू ताण द्या.

पाण्यातून गेल्यावर

गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलला हवा खेळती ठेवणारा ब्रीदर असतो. गरम गिअरबॉक्स नाल्याच्या पाण्यात एकदम थंड झाला, की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा खराब सीलमधून पाणी आत ओढले जाते. नंतर ऑइल तपासा. ते दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे, लगेच बदला. ब्रीदरवरचा चिखलही साफ करा.

टोचन करून नेताना

बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑइल उडवणारा खालचा शाफ्ट इंजिनामुळे फिरतो. इंजिन बंद ठेवून न्यूट्रलमध्ये गाडी लांब ओढत नेली, तर मागची चाके वरचा शाफ्ट फिरवत राहतात. पण त्याला ऑइल मिळत नाही. बेअरिंग तापून जाम होऊ शकते. म्हणून गाडी लांब न्यायची असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवून घ्यावा.

चिखलातून निघाल्यावर गाडीखाली एकदा वाकून बघा. ऑइलची गळती, जळका वास किंवा चालताना नवी थरथर जाणवली, तर पुढची खेप भरण्याआधी मेकॅनिकला दाखवा.